दार आणि दप्तर

महाराष्ट्र सदनाच्या फाटकातून बाहेर पडून कस्तुरबा गांधी मार्गाने कनॉट प्लेसच्या दिशेने चालू लागले, की थोड्याच वेळात हिंदुस्तान टाइम्सची उंच इमारत दृष्टीस पडते. राजधानीत कामकाजासाठी येणाऱ्या मराठी माणसाच्या पायाखालचा हा रस्ता. परंतु याच इमारतीत काही वर्षांपूर्वीपर्यंत भारतीय स्पर्धा आयोगाचे दप्तर होते, आणि ज्या यंत्राला आपण दिवसातून दहा वेळा काही ना काही विचारतो त्या यंत्राच्या मालकाने आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला, असा निर्णय देणारा हुकूम ८ फेब्रुवारी २०१८ रोजी इथूनच निघाला, हे त्या रस्त्याने जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आयोग पुढे पूर्व किडवाई नगरच्या नव्या इमारतींत गेला. प्रश्न मात्र जिथे होता तिथेच आहे: एवढ्या बलाढ्य शोधयंत्रासमोर एखादे लहान शोधयंत्र उभे राहू शकते काय, आणि उभे राहायचे तर कशाच्या बळावर?

त्या प्रकरणाची मिसल मुळातून पाहण्यासारखी आहे. फिर्यादी दोन होते. एक, विवाह जुळवणाऱ्या ‘भारत मॅट्रिमनी’ची मालक कंपनी, आणि दुसरी, जयपूरची ‘कट्स’ ही ग्राहकहितासाठी काम करणारी संस्था. दोन्ही प्रकरणांवर २०१२ सालचे क्रमांक आहेत, म्हणजे फिर्यादीपासून हुकमापर्यंत सहा वर्षे गेली. विमानाची तिकिटे शोधणाऱ्याला गूगल आपल्या पानावर एक ठळक चौकट दाखवीत असे आणि त्या चौकटीतून तो गूगलच्याच विमानविषयक पानावर जाऊन पोहोचत असे. तिकिटांचा धंदा करणाऱ्या इतर कंपन्यांची पाने त्यामुळे खाली ढकलली जात, आणि ही चौकट म्हणजे निःपक्ष शोधाचे फळ आहे असा पाहणाऱ्याचा समज होई, हे आयोगाच्या निर्णयातले एक महत्त्वाचे कलम. दुसरे कलम असे, की जी संकेतस्थळे गूगलचा शोध आपल्या पानावर बसवून घेत, त्यांना प्रतिस्पर्ध्यांची तशीच सेवा घेण्याची करारान्वये मनाई होती. बहुमताने हा निर्णय झाला, दोन सदस्यांनी आपले भिन्न मत नोंदवले, आणि कंपनीला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. कंपनी अपिलात गेली.

दंडाच्या रकमेकडे वृत्तपत्रांचे लक्ष गेले, ते साहजिकच होते. पण मला त्या निर्णयातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. शोधयंत्र हे सार्वजनिक वाटेसारखे असून, त्या वाटेवरचा पहारेकरीच जर दुकानदारही असेल तर वाटसरूला कोणत्या दुकानाकडे वळवायचे याचा मोह त्याला आवरणार नाही, ही साधी गोष्ट आपल्या देशातील एका अधिकृत संस्थेने त्या दिवशी लेखी मान्य केली.

आता हे यंत्र चालते कसे, हे थोडक्यात सांगितल्यावाचून पुढचे समजणार नाही. शोधयंत्राची तीन कामे असतात. एक, जाळ्यावरील पाने अहोरात्र फिरून वाचणे. दुसरे, वाचलेल्या प्रत्येक शब्दाची नोंद करून तो कोणत्या पानावर आला आहे त्याची सूची ठेवणे. आणि तिसरे, कोणी काही विचारले असता त्या सूचीतील अगणित पानांपैकी कोणती आधी दाखवायची याचा अनुक्रम लावणे. पहिली दोन कामे खर्चाची असली तरी बुद्धी आणि भांडवल यांच्या जोरावर करता येतात. तिसऱ्या कामात मात्र एक चक्र आहे. लोक कोणत्या दुव्यावर बोट ठेवतात, कुठून लगेच परत फिरतात, कुठे रेंगाळतात, हे पाहूनच यंत्र अनुक्रम सुधारीत जाते. म्हणून ज्याच्याकडे अधिक लोक येतात त्याची उत्तरे अधिक चांगली होतात, आणि ज्याची उत्तरे चांगली त्याच्याकडे आणखी लोक येतात. अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी दिलेल्या निकालपत्रात या चक्राचे मोजमाप नोंदलेले आहे: गूगलकडे येणाऱ्या प्रश्नांची संख्या सर्व प्रतिस्पर्ध्यांच्या एकत्रित संख्येच्या नऊपट, मोबाइलवर तर एकोणीसपट, आणि गूगलला तेरा महिन्यांत जेवढा वापराचा विदा मिळतो, तेवढा गोळा करायला मायक्रोसॉफ्टच्या बिंगला सतरा वर्षांहून अधिक काळ लागेल. गूगलने आपली मक्तेदारी बेकायदा रीतीने टिकवली, असा त्या न्यायालयाचा निर्णय झाला.

मक्तेदारी हा शब्द आपण आज सैलपणे वापरतो; पण त्याचे मूळ ध्यानात घेतले तर हा सारा व्यवहार लख्ख दिसतो. जुन्या राजवटीत एखाद्या बाजारपेठेची जकात वा एखाद्या महालाचा वसूल गोळा करण्याचा हक्क ठरावीक रक्कम सरकारात भरून जो विकत घेई, तो मक्तेदार. आणि रक्कम भरल्यावर त्या पेठेत दुसऱ्याला पाऊल ठेवता येत नसे. फोनच्या पडद्यावरची शोधाची जागा ही आजची अशीच पेठ आहे. फोन व ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांना, त्यांच्या यंत्रावर मुळातच आपले शोधयंत्र बसलेले असावे म्हणून, गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले, असे त्या खटल्यात उघड झाले. एवढा मक्ता जो भरू शकतो, त्याच्याशी बरोबरी करण्यासाठी नुसते चांगले यंत्र बनवून भागत नाही.

ज्यांनी तसे बनवून पाहिले त्यांच्यापैकी एकाची हकीकत सांगतो. श्रीधर रामस्वामी हे तिरुचिरापल्लीकडचे, मद्रासच्या आयआयटीचे विद्यार्थी. गूगलच्या जाहिरात विभागाचे ते प्रमुख होते, म्हणजे ज्या विहिरीतून त्या साम्राज्याला पाणी पुरत होते तिच्या काठावर ते बसले होते. ती जागा सोडून त्यांनी विवेक रघुनाथन यांच्यासह ‘नीवा’ नावाचे, जाहिरातींवाचून चालणारे आणि वर्गणीवर उभे असलेले शोधयंत्र २०१९ साली आरंभले. पैसा होता, जाणकारी होती, काम चोख होते. मे २०२३ मध्ये त्यांनी लोकांसाठीची ती सेवा बंद करीत असल्याचे जाहीर केले. बंद करताना त्यांनी जे कारण सांगितले त्याचा आशय असा, की चांगल्या शोधासाठी पैसे द्यायला माणसे तयार होतात; त्यापेक्षा अवघड आहे ते त्यांना नवे शोधयंत्र मुळात वापरून पाहायला लावणे. म्हणजे अडचण मालाची नव्हती, उंबरठ्याची होती.

आणि उंबरठा ही गोष्ट अशी आहे, की तिथे कायदा काही करू शकतो.

ते करण्याचा प्रयत्न दिल्लीतच झाला. अँड्रॉइड फोनांच्या बाबतीत २०१८ साली आयोगापुढे दुसरी फिर्याद दाखल झाली होती, आणि ती दाखल करणारे कोणी धनाढ्य प्रतिस्पर्धी नव्हते. कायद्याचे शिक्षण घेणारी वा नुकतेच घेतलेली तीन तरुण माणसे होती. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने १३३७.७६ कोटींचा दंड केला आणि सोबत निर्देशांची यादी दिली. त्यांतला एक असा, की नवा फोन प्रथम सुरू करताना आपले शोधयंत्र कोणते असावे हे वापरणाऱ्याला निवडता आले पाहिजे. अपिलीय न्यायाधिकरणाने तात्पुरता दिलासा नाकारल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने, युरोपात जी व्यवस्था तुम्ही मान्य केलीत तीच भारतात लागू करणार काय, अशी विचारणा कंपनीच्या वकिलांकडे केली. १९ जानेवारी २०२३ रोजी स्थगिती नाकारण्यात आली. दंडाच्या दहा टक्के रक्कम अनामत ठेवण्यास सात दिवसांची मुदत मिळाली. त्याच महिन्यात गूगलने भारतात निवडीचा पडदा आणण्याचे जाहीर केले. पुढे मार्चमध्ये न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवून दहांपैकी चार निर्देश रद्द केले, पण शोधयंत्राच्या निवडीचा निर्देश टिकला.

नेहरू प्लेसच्या एका लहानशा दुकानात नवा फोन घेताना तो पडदा मी प्रथम पाहिला. दुकानातला पोरगा एकामागून एक पडदे झपाट्याने पुढे सारीत होता: भाषा, वायफाय, खाते, बोटाचा ठसा. त्या ओघात शोधयंत्रांची यादी आली. त्याने, गूगलच ठेवू ना, असे विचारले आणि माझ्या तोंडून शब्द निघण्यापूर्वी बोट टेकवलेही. तो माझी फसवणूक करीत नव्हता. मागे रांग होती, आणि त्याच्या अनुभवात या प्रश्नाला दुसरे उत्तर कधी मिळालेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या त्या हक्काचे आयुष्य माझ्या फोनवर दोन सेकंदांचे ठरले. मी ते बोट थांबवू शकलो असतो. थांबवले असते तर यादीतले कोणते नाव निवडले असते, याचा विचार करीत मी मेट्रोचा जिना चढलो आणि उत्तर सापडेना. दार उघडे होते. पण पलीकडच्या घरात माझ्या भाषेचे काही होते काय?

दार उघडल्याने फरक पडलाच नाही असे नाही. एका देशात तो स्पष्ट पडला. रशियात २०१७ साली तेथील स्पर्धा नियामकाशी झालेल्या तडजोडीनंतर अँड्रॉइड फोनांवर निवडीचा पडदा आला आणि ‘यांडेक्स’ या देशी शोधयंत्राचा वाटा वाढला. का वाढला याचे उत्तर मात्र त्या पडद्यात नाही, त्याच्या वीस वर्षे मागे आहे. यांडेक्स १९९७ साली सुरू झाले. पण त्याचे कर्ते अर्कादी वोलोझ आणि इल्या सेगालोविच हे त्याआधीच्या काळात रशियन भाषेतील शब्दांची रूपे ओळखून मजकुरात शोध घेणारी साधने बनवीत होते. रशियन ही विभक्तीप्रत्ययांनी गजबजलेली भाषा. एकाच नामाची अनेक रूपे होतात, आणि इंग्रजीच्या सवयीचे यंत्र ती सगळी वेगवेगळे शब्द समजते. यांडेक्सने पहिल्या दिवसापासून ती ओळखली. दार उघडले तेव्हा आत दप्तर तयार होते.

हे वाचताना मराठी वाचकाच्या मनात आपली भाषा आल्यावाचून राहणार नाही. ‘देऊळ’ हा शब्द घ्या. माणूस शोधताना ‘देऊळ’ लिहितो, आणि मजकुरात असते ‘देवळात’, ‘देवळाच्या’, ‘देवळांपाशी’, ‘देवळातल्या’; मूळ शब्दातला ‘ऊ’ वितळून तिथे ‘व’ आलेला असतो. ‘पाणी’चे ‘पाण्यात’ होते, ‘मीठ’ दीर्घ असते तर ‘मिठाचा’ ऱ्हस्व, ‘ऊस’ शेतात दीर्घ उभा राहतो आणि ‘उसाला’ भाव मागताना ऱ्हस्व होतो. प्रत्यय छाटून टाका, असे यंत्राला सांगावे, तर ‘घरात’चा ‘त’ काढणारे यंत्र ‘भात’चाही ‘त’ काढून ‘भा’ शोधत बसते. ‘मान’ या शब्दाचे सामान्यरूप ‘माने’, आणि माने हे तर आडनाव. तेव्हा ‘मानेवर’ उपचार शोधणाऱ्या रुग्णासमोर यंत्राने माने कुटुंबातील डॉक्टरांची यादी ठेवली तर त्याला दोष कसा द्यावा? सामान्यरूप हे प्रकरण शाळेत आपण घोकले आणि सोडून दिले. शोधयंत्र बनवणाऱ्याला मात्र त्याच प्रकरणावर सारा संसार थाटावा लागतो.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला आणखी एक अनुभव येतो. लिपी एकच असल्यामुळे यंत्र मराठीला हिंदीच्या घरात नेऊन बसवते. ‘शिक्षा’ हा शब्द टाकून न्यायालयाने ठोठावलेल्या दंडाविषयी वाचू पाहावे, तर समोर शाळांची आणि शिक्षण विभागाची पाने येतात. ‘कल’ टाकून लोकमताचा झुकाव शोधावा, तर काल आणि उद्या भेटतात. मराठी लिहिणाऱ्यांची संख्या हिंदीच्या मानाने थोडी, म्हणून वर सांगितलेले बोटांचे ते चक्र इथेही फिरते आणि हिंदी अर्थच वर चढत जातो. यात कोणाचा द्वेष नाही, दुष्टावा नाही. मोठ्या संख्येच्या यंत्राला लहान संख्येची भाषा ऐकूच येत नाही, एवढेच आहे.

हे ओळखून काम झालेच नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान खात्याच्या भारतीय भाषा तंत्रज्ञान कार्यक्रमातून, मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या नेतृत्वाखाली, देशभरातील संस्थांनी मिळून ‘संधान’ नावाचे बहुभाषी शोधयंत्र बनवले. त्यात पुण्याचे आणि आपल्या नोएडाचे सी-डॅक यांचाही हात होता. पर्यटन हा विषय घेऊन मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू आदी भाषांत ते शोध घेई, आणि एका भाषेत विचारलेल्या प्रश्नाला दुसऱ्या भाषेतील पान उत्तर म्हणून देण्याची त्यामागची आकांक्षा होती. २००८ पासून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने भारतीय भाषांतील शोधाची कसोटी घेणारा ‘फायर’ हा उपक्रम सुरू झाला. त्यासाठी मराठी वृत्तपत्रांतील एक लाखाच्या जवळपास लेखांचा संग्रह तयार करण्यात आला, आणि मराठीचे प्रत्यय कसे सोडवावेत यावर त्या संग्रहाच्या आधारे परदेशांतही निबंध लिहिले गेले. असे असून तुमच्या-माझ्या फोनवर ‘संधान’ का नाही? संशोधनाचा प्रकल्प मंजुरीच्या मुदतीपुरता जगतो. शोधयंत्राला मात्र उद्याचे पान उद्याच वाचावे लागते, परवाचे परवा. त्याला मुदत चालत नाही, त्याला नेमणूक लागते, जशी मंदिरातल्या नंदादीपाच्या तेलाला असते.

खासगी प्रयत्नांची हकीकत त्वरेने सांगतो. मुंबईच्या राजेश जैन यांच्या ‘इंडियावर्ल्ड’च्या संकेतस्थळांत ‘खोज’ हे एक होते. १९९९ साली सत्यम इन्फोवेने तो सारा समूह ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला तेव्हा देश चकित झाला होता. दिल्लीच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या दोघांनी २००६ साली बंगळूरमध्ये ‘गुरुजी’ काढले. गाणी शोधून देण्याची त्याची सोय लोकप्रिय झाली, आणि तीच त्याला भोवली. टी-सिरीजच्या स्वामित्वहक्काच्या फिर्यादीवरून २०१० साली पोलिसी कारवाई झाली आणि ते पुढे मावळले. दिल्लीतल्या ‘रफ्तार’ने हिंदीपुरता शोध मांडला होता. या सर्वांनी मोठ्याच्याच पेठेत, मोठ्याच्याच रीतीने दुकान मांडले, हे माझ्या मते त्यांच्या अपयशाचे मोठे कारण होय.

उलट उदाहरण पाहायचे तर ओखल्याला जावे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत ‘मॅपमायइंडिया’चे मुख्यालय आहे. अमेरिकेतून परतलेल्या राकेश आणि रश्मी वर्मा या दांपत्याने १९९५ च्या सुमारास, म्हणजे गूगल ही कंपनी जन्मास येण्याआधी, भारताचे संगणकीय नकाशे बनवण्याचे काम हाती घेतले. दिल्लीसारख्या शहरात पत्ता शोधणे म्हणजे काय, हे ज्याने शाहपूर जाट किंवा खिडकी गावाच्या गल्ल्यांत घर शोधले आहे त्यालाच कळेल. लाल डोऱ्याच्या आतली ही गावठाणे. इंग्रजी अमदानीत महसुली नकाशावर गावाभोवती जी लाल रेघ ओढली गेली तिच्या आतल्या घरांची नोंद महसुलाच्या दप्तरात घरनिहाय झालीच नाही, आणि म्हणून पत्ता म्हणजे ‘पिंपळासमोर, हलवायाच्या मागे’. अशा शहराचा नकाशा उपग्रहाच्या चित्रातून होत नाही; माणसाला पायी फिरावे लागते, दारावरचा क्रमांक वाचावा लागतो, गल्ली पुढे बंद होते की वळते ते पाहावे लागते. या कंपनीने ते केले आणि वर्षानुवर्षे केले. आज मोटारी बनवणारे कारखानदार तिचे नकाशे घेतात. डिसेंबर २०२१ मध्ये तिचे समभाग बाजारात नोंदले गेले. तुमच्या-माझ्या फोनवर नकाशा म्हटले की गूगलचेच नाव पुढे येते, हे खरे; तरीही ही कंपनी जिवंत आहे, कमावती आहे, कारण तिच्याजवळ दुसऱ्याकडून उसने न घेतलेले दप्तर आहे.

उसन्या दप्तराचे काय होते, तेही नुकतेच दिसले. पर्यायी म्हणून मिरवणाऱ्या पुष्कळ शोधयंत्रांच्या पाटीमागे सूची बिंगची असते. मांडणी आणि खासगीपणाची हमी तेवढी त्यांची. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती सूची लहानमोठ्यांना भाड्याने देण्याची आपली खुली सोय बंद केली. ज्यांचे स्वतंत्र मोठे करार होते ते तरले. बाकीच्यांना भाडेकरूने घर रिकामे करावे तसे बिऱ्हाड हलवावे लागले. इंग्लंडमधले ‘मोजीक’ वर्षानुवर्षे स्वतःची सूची स्वतः बांधीत आले आहे. ते लहान आहे, पण त्याला कोणी घराबाहेर काढू शकत नाही.

दक्षिण कोरियाच्या ‘नावेर’ने याहून पुढचे पाऊल टाकले. १९९९ साली ते सुरू झाले तेव्हा कोरियन भाषेत शोधण्याजोगी पानेच थोडी होती. नावेरने रडगाणे गायले नाही. २००२ साली लोकांनी एकमेकांना प्रश्न विचारावेत आणि एकमेकांनी उत्तरे द्यावीत अशी सोय उघडली, आणि शोधायला जे नव्हते ते आधी लिहवून घेतले. गूगलला आजही त्या देशात नावेरशी सामना करावा लागतो.

आपल्याकडे हे कोणी केले होते काय? केले होते, संगणकाच्या कितीतरी आधी. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले, आणि ज्ञानकोश म्हणजे ब्रिटानिका असे समीकरण असलेल्या काळात त्यांनी मराठीत ज्ञानकोश करायचा ठरवले. त्यासाठी त्यांनी कोणा संस्थानिकाच्या दानावर विसंबून न राहता मर्यादित कंपनी स्थापन केली, मध्यमवर्गीय घरांत भाग खपवले, वर्गणीदार गोळा केले, आणि १९२० ते १९२७ या काळात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड बाहेर पडले. ब्रिटानिकाचा अनुवाद करून ते थांबले असते तर लहान ब्रिटानिका झाली असती. त्यांनी आपल्या लोकांना लागणारे विषय आपल्या क्रमाने लावले. आणि शंकर गणेश दाते! १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी ग्रंथांची सूची त्यांनी केली, पुढे १९५० पर्यंत आणली. ग्रंथालयांतून पुस्तक हाती घ्यायचे, नाव, कर्ता, मुद्रणस्थळ, साल, पृष्ठे उतरवायची, विषयवार लावायची. एका माणसाने चालवलेले हे शोधयंत्रच होते. आजही जुन्या मराठी पुस्तकाचा माग काढणारा अभ्यासक ‘दाते सूचीत पाहिलेत का?’ असे प्रथम विचारतो. शरद केशव साठे यांनी तेच काम पुढील दशकांत नेले.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे. लहान शोधयंत्राने मोठ्याला मोठ्याच्याच मैदानात, साऱ्या जगाच्या साऱ्या प्रश्नांसाठी गाठण्याची आशा धरू नये. ते होणे नाही. पण मोठ्याला जे ऐकू येत नाही ते ऐकणारे, एका भाषेचे, एका मुलखाचे, एका विषयाचे शोधयंत्र उभे राहू शकते, आणि ते उभे राहिले तर मोठ्यालाही त्याच्याकडे वळावे लागते. अट एकच: दप्तर आपले असले पाहिजे. मराठीचे दप्तर आज विखुरलेले आहे. पुष्कळ जुना मजकूर श्रीलिपीसारख्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टंकलेला आहे, जो आजच्या संगणकावर आणला की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. त्याहून अधिक मजकूर पानांची नुसती छायाचित्रे होऊन पडला आहे, ज्यात यंत्राला एकही शब्द वाचता येत नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र झाले. त्याआधी, आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतरही, ते ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिले जाते. डोळ्यांना दोन्ही एक; यंत्राला दोन. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि पुढच्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियममध्ये, तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली, साहित्य संमेलन भरले. राजधानीत सत्तर वर्षांनी ते परत आले होते. १९५४ साली इथेच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते, जे पुढे वाईला मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. त्या मांडवात अभिजाततेचा गजर मी आनंदाने ऐकला. सरकारी निधीतून पुढे जे काही होईल त्यात ही अक्षरे एक करण्याचे, छायाचित्रांतून शब्द सोडवण्याचे, सामान्यरूपांचा कोश खुला करण्याचे काम अग्रभागी असावे, असे मला मनापासून वाटते.

कायद्याच्या बाजूने वेळ अनुकूल होत चालली आहे. न्यायाधीश मेहता यांनी २ सप्टेंबर २०२५ रोजी उपाययोजनेचा निर्णय दिला. कंपनीने ब्राउझर विकावा ही सरकारची मागणी त्यांनी मान्य केली नाही, पण एकाधिकाराचे करार निषिद्ध ठरवले, आणि आपल्या सूचीतील व वापराच्या विद्यातील काही भाग पात्र प्रतिस्पर्ध्यांना द्यावा असे फर्मावले. दप्तर उघडा, असे एखाद्या शोधयंत्राला सांगितले गेल्याचे हे मोठे उदाहरण आहे. आपल्याकडे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या समितीने मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. नुकसान झाल्यावर सहा वर्षांनी दंड करण्याऐवजी मोठ्यांना आधीच नियम घालून द्यावेत, हा त्याचा रोख. त्या मसुद्यात भारतीय भाषांच्या सूचीविषयी एखादे कलम यावे, म्हणून दिल्लीतल्या मराठी खासदारांनी आग्रह धरावा. उत्तरे आता संभाषण करणारी यंत्रे देऊ लागली आहेत, तेव्हा सूचीचे महत्त्व संपले, असे कोणी म्हणतात. परंतु ताज्या गोष्टीविषयी विचारले की तीही कोणाच्या तरी सूचीतूनच वाचून सांगतात.

गेल्या पावसाळ्यापासून रविवारी सकाळी मी पहाडगंजात एका मराठी गृहस्थांकडे जातो. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले हे काका; त्यांच्या लोखंडी कपाटात दिल्लीतल्या गणेशोत्सवांच्या स्मरणिका पन्नासएक वर्षांच्या साठलेल्या आहेत. कोण नाटकात उतरले, कोणाचे कीर्तन झाले, कोणत्या साली मांडव पावसात वाहून गेला, सगळे त्यांत आहे आणि जाळ्यावर कुठेही नाही. आम्ही त्यांची सूची टंकतो: नाव, साल, पान. परवा एका जुन्या स्मरणिकेत एकाच सहकारी बँकेच्या दोन जाहिराती निघाल्या. काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “अहो, इथे ‘बँक’ छापलंय आणि मागच्या पानावर ‘बॅंक’. यातली कोणती लिहू?”

“दोन्ही लिहा, काका,” मी म्हणालो, आणि त्यांनी दोन्ही लिहिल्या.